बावन्न चिठ्ठ्या

गेल्या जानेवारीत माझ्या लेकीचा सराव परीक्षेचा पेपर घरी आला. दहावीचा गणित भाग 1, गुण 40 पैकी 29. गुण वाईट नव्हते. पण एका प्रश्नासमोर तिने काहीच लिहिले नव्हते. प्रश्न साधा होता. पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो चित्राचा असण्याची संभाव्यता किती?

"एवढं सोपं गणित का सोडलंस?" मी विचारले.

"मम्मी, कॅटमध्ये चित्राचे पत्ते किती असतात तेच मला माहीत नाही. वर्गात बाकीच्यांना माहीत होतं. मला विचारायची लाज वाटली."

खरे आहे. आमच्या घरात पत्ते कधी आलेच नाहीत. रात्री जेवताना तिने सरळच विचारले, "एका कॅटमध्ये राण्या किती असतात?" माझी अम्मी, म्हणजे तिची नानी, भाकरी मोडत होती. तिचा हात तिथेच थांबला. "या घरात पत्त्यांचं नाव घ्यायचं नाही," एवढेच ती बोलली आणि ताटावरून उठली.

लेक घाबरली. मला मात्र अम्मीचा राग कळत होता.

माझे अब्बा सटाण्यात शिलाईकाम करत. मापात त्यांचा हात कधी चुकला नाही. हिशेबही पक्का. पण त्यांना आकड्याचा नाद लागला होता. आकडा म्हणजे मटका. शून्य ते नऊ यांतला एक आकडा धरायचा, लागला तर एकाला नऊ. ज्या दिवशी आकडा लागे, त्या दिवशी अब्बा जिलेबी आणत. आम्हा पोरांना जिलेबीचे दिवस तेवढे लक्षात राहिले. अम्मीच्या लक्षात बाकीचे दिवस राहिले. आधी तिच्या बांगड्या गहाण पडल्या, मग विकल्या गेल्या, शेवटी एक शिलाई मशीनही गेली. पुढे अब्बांनी तौबा केली आणि ती पाळली. अल्लाह त्यांची मगफिरत करो. पण त्या वर्षांनंतर अम्मीला पत्ते काय, सोंगटी आणि फासा काय, सगळे एकच वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिवणाच्या कपाटातून जुन्या लग्नपत्रिका काढल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूच्या 52 चिठ्ठ्या कापल्या. चित्र एकही काढले नाही, फक्त नावे लिहिली. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर असे चार प्रकार. प्रत्येक प्रकारात एक्का, दोन ते दहा, मग गुलाम, राणी, राजा. अशा तेरा चिठ्ठ्या. बदाम आणि चौकट लाल पेनने, इस्पिक आणि किलवर काळ्या पेनने.

अम्मी दारातून बघत होती. मी म्हणाले, "अम्मी, यात डाव नाही, पैसा नाही, हार-जीत नाही. फक्त मोजायचं आहे. मोजून झालं की उचलून ठेवते." ती काही बोलली नाही, पण गेलीही नाही. तसबीह घेऊन पलंगावर बसली.

लेकीला मी सांगितले, "पाठ्यपुस्तकात नमुना अवकाश म्हणतात, तो म्हणजे घडू शकेल अशा सगळ्या गोष्टींची यादी. आधी यादी पूर्ण कर. मग आपल्याला हव्या त्या किती, ते मोज. हव्या त्या भागिले एकूण, झाली संभाव्यता. उत्तर शून्यापेक्षा कमी आलं किंवा एकापेक्षा जास्त आलं, तर समजायचं की मोजण्यात चूक झाली."

तिने चिठ्ठ्या वेगळ्या केल्या आणि म्हणाली, "16. म्हणून 16/52."

"कसे 16?"

"एक्का, गुलाम, राणी, राजा. प्रत्येकी चार."

एक्क्यावर आकडा नसतो, म्हणून तो चित्राचा वाटतो. पण तो त्यात धरत नाहीत. गुलाम, राणी, राजा हेच तीन. म्हणजे 12/52, संक्षेप देऊन 3/13. फक्त राणी हवी असेल तर 4/52, म्हणजे 1/13. लाल पत्ता हवा असेल तर 26/52, म्हणजे निम्मी शक्यता. अर्ध्या तासात तिची भीती गेली.

मग नाण्यांचे गणित निघाले. दोन नाणी एकदम फेकली, तर कमीत कमी एक छापा येण्याची संभाव्यता किती? ती म्हणाली, "दोन्ही छापे, एक छापा एक काटा, दोन्ही काटे. तीन शक्यता, त्यात दोन आपल्या. 2/3."

ही चूक करणारी ती पहिली नव्हे. फ्रान्सचे नामांकित गणिती दालंबेर यांनीही या प्रश्नात तीनच शक्यता धरल्या होत्या आणि 1754 साली विश्वकोशातल्या लेखात 2/3 हेच उत्तर लिहिले होते. हे सांगितल्यावर तिला केवढा धीर आला!

मी तिच्या हातात एक दोन रुपयांचे आणि एक पाच रुपयांचे नाणे दिले. "आता दोघांची नावं घेऊन यादी कर." दोनवर छापा, पाचवर छापा. दोनवर छापा, पाचवर काटा. दोनवर काटा, पाचवर छापा. दोन्हींवर काटा. शक्यता चार निघाल्या. 'एक छापा एक काटा' ही गोष्ट दोन रीतींनी घडते, ती तिने एकदाच मोजली होती. चारांतल्या तीन आपल्या, म्हणून 3/4. नाणी 40 वेळा फेकून पाहिली. हिशेबाने 30 वेळा छापा दिसायला हवा होता, आम्हाला 31 वेळा दिसला. लेकीला वाटले एकाचा फरक का पडला. संभाव्यता प्रत्येक वेळचे भाकीत सांगत नाही, पुष्कळ वेळा केले तर साधारण काय होईल ते सांगते, हे तेव्हा तिला कळले.

इतका वेळ गप्प असलेली अम्मी एकदम म्हणाली, "मग तुझ्या नानांच्या आकड्याचं काय? तेही मोजून दाखव."

खोलीत शांतता झाली. लेकीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

तिने वही ओढली. "नानी, दहा आकडे, त्यातला एक आपला. संभाव्यता 1/10. रोज 10 रुपये लावले तर 100 दिवसांत 1000 रुपये गेले. त्यात साधारण दहा वेळा आकडा लागणार. दर वेळी 90 रुपये, म्हणजे 900 परत. आकडा प्रामाणिकपणे निघाला असं धरलं, तरी 100 रुपये गेलेच."

"शंभरच?" अम्मी म्हणाली. "शंभर रुपयांनी घर बुडत नाही, बेटा."

हा प्रश्न खरा होता. लेकीने थोडा विचार केला. "नाना मिळालेले पैसे घरात ठेवायचे का?"

"कुठले! जिलेबीपुरते काढायचे, बाकीचे पुन्हा लावायचे."

"मग असं होतं नानी. 1000 लावले, साधारण 900 हातात राहिले. तेच पुन्हा लावले, 810 राहिले. पुन्हा लावले, 729. सातव्या फेरीला 480 सुद्धा उरत नाहीत. हरलेलं भरून काढायला उधार घेऊन जास्त लावले, तर आणखी लवकर संपतात."

अम्मी सावकाश म्हणाली, "त्यांची एक वही होती. रोजचा आकडा लिहायचे. म्हणायचे, सात किती दिवसांत आला नाही, आता येणारच."

"नाही नानी. या नाण्याला मागचं आठवतं का? आकड्यालाही आठवत नाही. उद्यासुद्धा सातची संभाव्यता 1/10 च."

अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. "मला वाटायचं, आपलंच नशीब फुटकं. लोक म्हणायचे, बायकोचा पायगुण. इतकी वर्षं मी तेच मनात धरून बसले होते."

मी या वाक्यासाठीच हा लेख लिहायला बसले. जुगार हराम आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. सूरह अल-माइदामध्ये हुकूम स्पष्ट आहे, आणि मोमिनाला तो पुरेसा आहे. पण आज पैसे लावायचा खेळ मुलाच्या खिशातल्या फोनवर येऊन बसला आहे. 'हे हराम आहे' याच्या सोबतीला 'हे बघ, असे लुटतात' असा हिशेबही मुलाच्या हातात असला, तर त्याचा पाय घट्ट राहील. दहावीच्या पुस्तकातला संभाव्यतेचा पाठ तो हिशेब शिकवतो.

या गणिताच्या इतिहासात जुगाऱ्यांचा संबंध येतो, हे खरे. 1654 मध्ये पास्काल आणि फर्मा या दोघांनी अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटावेत यावर पत्रे लिहिली. पण सगळ्या शक्यतांची यादी करून मोजण्याची कला त्याहून कितीतरी जुनी आहे. आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील इब्न अहमद यांनी अरबी शब्दकोश रचताना अक्षरांची अदलाबदल करून किती शब्द होऊ शकतात ते मोजले. मराठीत करून पाहा: क, म, ल. कमल, कलम, मकल, मलक, लकम, लमक. सहाच रीती. यांतले वापरातले कोणते, बिनवापरातले कोणते, ते मग पाहायचे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली. ज्यात पैज नाही, असेही हे ज्ञान आहे.

आमच्या बागलाणात शेतकरी रोज हेच करतो. पावसाची शक्यता आहे असे ऐकले, की काढलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकतो. पाऊस येईलच असे नाही. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्याला आहेच. शक्यता मोजणे म्हणजे उंट बांधणे. पुढचे त्याच्या हाती.

संध्याकाळी मगरिबच्या अजानआधी मी चिठ्ठ्या गोळा करून चुलीत टाकायला निघाले. अम्मीने हात धरला.

"राहू दे. परीक्षा होईपर्यंत राहू दे. रबर लावून कंपासपेटीत ठेव." मग नातीकडे वळून म्हणाली, "आणि तो सातवाला हिशेब मामूच्या पोरालाही समजावून सांग. तो दिवसभर फोनमध्ये काय करतो, कुणाला ठाऊक."