दुष्काळ लिहिताना

दहावीला मी लेखनिक घेतला नाही, जादा वेळही नाही. या सवलतींना लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी आईनं माझ्याबरोबर शीवच्या रुग्णालयात किती खेपा घातल्या होत्या! डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाची चाचणी. 'डिस्लेक्सिया' असं कागदावर आलं तेव्हा तिला हायसं वाटलं. पोरगी आळशी नाही, हे कुणीतरी शिक्का मारून सांगितलं होतं. मी मात्र तिला बजावलं, "शाळेत द्यायचं नाही हं." दुसऱ्या एका मुलाला 'सवलतीचे मार्क' म्हणून हिणवलेलं मी वर्गात ऐकलं होतं. मलाही सवलत म्हणजे कॉपीच वाटायची. दुसऱ्याच्या अक्षरातला पेपर माझा कसा?

म्हणून घोकत राहिले. पहिली वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, हे मला आजही थांबून आठवावं लागतं. घ आणि ध, भ आणि म एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. कशीबशी पास झाले.

अकरावीत इतिहासाच्या सरांनी १९७२च्या दुष्काळाचा विषय काढला. माझी आजी माण तालुक्यातली. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडलेली. मी उभी राहून दहा मिनिटं बोलले. तापलेले दगड, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या, मुकादमाची हजेरी, खायला म्हणून पदरात घेतलेली सुकडी, रेशनची तांबडी मिलो ज्वारी. वर्ग गप्प ऐकत होता.

महिन्याभरानं चाचणीत तोच प्रश्न आला. सरांनी माझा पेपर माझ्यासमोर ठेवला. उत्तर तीन ओळींचं: 'पाऊस पडला नाही. लोक गरीब होते. सरकारने काम दिले.'

"सुकडी कुठं गेली गं?"

"उकार कुठला ते आठवेना, सर."

"आणि दुष्काळ? अख्ख्या उत्तरात तो शब्दच नाही."

"जोडाक्षर आहे."

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. वर्षानुवर्षं मी लिहिता येतील तेवढेच शब्द निवडत आले होते. माहीत असलेलं सगळं घशात राहायचं आणि कागदावर दुसरीतल्या मुलीचं वाक्य उतरायचं. यालाच मी प्रामाणिकपणा समजत होते. आजीची खडी ज्यात नाही ते उत्तर माझ्या हातचं असलं, तरी माझं नव्हतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे, सवलत ही मेहेरबानी नव्हे, हे मी नंतर वाचलं. त्याआधीच त्या तीन ओळींनी माझं मत बदललं होतं. घरी गेल्यावर आईला म्हटलं, "तो कागद काढ."

एक मात्र बोलायलाच हवं. २००७ साली 'तारे जमीन पर' चित्रपटातला चित्रं काढणारा मुलगा आला, तेव्हापासून डिस्लेक्सिया म्हटलं की लोक कौतुकानं विचारतात, "मग चित्रं काढतेस का?" नाही काढत. मला इतिहास आवडतो. शिकू देण्यासाठी तेवढं पुरे असायला हवं.

बारावीला वेगळ्या खोलीत बसले. लेखनिक म्हणून माझ्याहून लहान मुलगी होती, वेणीला काळी रिबीन. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. एका उत्तरात 'दुष्काळ' आला आणि तिचं पेन थांबलं.

"ताई, यातला ष पोटफोड्या ना?"

"मला नाही गं माहीत," मी म्हटलं, "पण शब्द तोच लिही."