वडगावचा सात वाजताचा भोंगा

गेल्या नोव्हेंबरात आम्ही सगळे मिरजेहून कडेगावला गेलो होतो. मामेबहिणीच्या मुलाचा वलीमा होता. गाडीत आम्ही दोघे, अब्बा, नववीतला थोरला, सहावीतली मधली आणि चार वर्षांचा धाकटा. तासगाव, विटा करीत कडेगावला पोहोचेपर्यंत दोन तास लागले आणि या दोन तासांत गाडीत जे बोलणे झाले ते एवढेच: "चार्जर कुठाय?" आणि "रेंज गेली." अब्बा पुढच्या सीटवर काचेबाहेर पाहत बसले होते. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, तोडणी कामगारांच्या कोप्या लागल्या होत्या. ज्या रस्त्याने त्यांनी तीस वर्षे एसटी चालवली तो हा रस्ता. पण त्यांनी एक शब्द काढला नाही.

अब्बा मुळात गप्प बसणारे नाहीत. त्यांचे बोलणे कधी थांबले ते आम्हाला नेमके ठाऊक आहे. गेल्या रमजानात एका संध्याकाळी इफ्तारनंतर दस्तरखानावरच सगळे बसलो होतो. त्यांनी काहीतरी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आम्ही मान वर करून "काय म्हणालात?" असे म्हटले. ते "कुछ नहीं" म्हणाले आणि उठले. खजूर मागत होते की काही सांगत होते, आजही माहीत नाही. त्या दिवशी दस्तरखानाभोवती चार मोबाइल उघडे होते आणि त्यांपैकी दोन आमचे होते. हे इथे लिहायला बरे वाटत नाही, पण मुलांच्या मोबाइलवर लिहायला बसायचे आणि स्वतःचा खिशात लपवायचा, हे बरोबर नव्हे.

वलीमा आटोपला. मगरिबची नमाज कडेगावातच पढलो. परतताना अब्बा म्हणाले, "देवराष्ट्र्याच्या बाजूने चला. वडगावला मास्तर राहतो, भेटून जाऊ." एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो, हे नव्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. अब्बा आणि हे मास्तर बारा वर्षे एका गाडीवर होते.

मोहित्यांचे वडगाव हे कडेगाव तालुक्यातले तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. शेजारी देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, आणि पलीकडे सागरेश्वरचे अभयारण्य. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून केलेले हे जंगल. ऊस, द्राक्षे, म्हशी, पतसंस्था, चौकात टपऱ्या. आपल्याकडच्या कुठल्याही गावासारखेच गाव. वर्तमानपत्रात या गावाचे नाव आलेले आम्ही वाचले होते. पण हेच ते वडगाव, हे गावात शिरेपर्यंत डोक्यात आले नव्हते.

पावणेसातला मास्तरांच्या दारात उतरलो. "या या पाव्हणं! अगं ए, ड्रायव्हरसाहेब आल्यात!" अंगणात घोंगडे अंथरले गेले. आत दूरदर्शन संच चालू होता, सूनबाई चहा टाकता टाकता मालिका पाहत होत्या. थोरल्याने बसल्याबरोबर मोबाइल काढला, धाकट्याने आमच्या पिशवीत हात घातला.

आणि मग भोंगा वाजला. साखर कारखान्याच्या पाळीचा वाजतो तसा, लांबच लांब. गावातल्या मंदिरावर तो बसवलेला आहे. आम्ही दचकलो. मास्तर हसून म्हणाले, "काय न्हाई, सात वाजलं." आतला आवाज बंद झाला. शेजारच्या घरातला बंद झाला. पलीकडचाही. एखाद्या गल्लीची वीज गेल्यावर होते तशी शांतता झाली, फक्त दिवे चालू होते. मास्तरांचा नातू गणिताचे पुस्तक घेऊन ओसरीवर येऊन बसला. समोरच्या घरातल्या दोन मुलीही आल्या. आमच्या थोरल्याने इकडेतिकडे पाहिले आणि मोबाइल मांडीखाली सरकवला. त्याला कोणी काही म्हणाले नव्हते.

भोंग्याची हकीकत मास्तरांकडून कळली ती अशी. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली, म्हणून ज्या घरात एक फोन होता तिथे दोन आले. शाळा उघडल्या तरी फोन मुलांच्या हातातून परत आले नाहीत. शिक्षकांच्या लक्षात आले की मुले अभ्यासाला बसत नाहीत, घरी गेल्यावर पुस्तक उघडत नाहीत. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. महिलांची ग्रामसभा झाली, भोंगा विकत घ्यायचे ठरले आणि 15 ऑगस्ट 2022 पासून तो वाजू लागला. सात वाजता एकदा, तेव्हा दूरदर्शन आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा, तेव्हा मोकळीक. सुरुवातीला आशासेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावत होते.

"पयल्यांदा लोक हसलं," मास्तर म्हणाले. "आणि खरं सांगू का, पोरांच्या आधी बायाच चिडल्या. मालिका बुडाया लागल्या ना!"

आतून सूनबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुमच्या सातच्या बातम्या बुडाल्या तेव्हा तुम्ही कमी चिडलात व्हय मामंजी?"

आम्ही विचारले, दंड आहे का? "दंडबिंड काय न्हाई." मग कोणी मोडत नाही? मास्तरांनी नुसता हात केला. टपरीच्या मागे अंधारात दोन तरुणांच्या तोंडावर निळा उजेड पडला होता. "असत्यात की. समद्या गावानं एकदम शानं व्हावं असं कुठं असतंय? पर घरात भांडण न्हाई होत बघा. आधी आई म्हनायची ठेव, तर आई वाईट. बाप म्हनायचा ठेव, तर बाप वाईट. आता भोंगा वाईट!"

हे वाक्य आम्ही मिरजेपर्यंत घोळवत आलो. आपल्या घरांत मोबाइलवरून जी चिडचिड होते ती बहुतेक या एका गोष्टीवरून होते की नियम माणसाच्या तोंडून येतो आणि ज्या क्षणी त्या माणसाचा संयम सुटतो त्याच क्षणी येतो. मूल खेळाच्या ऐन मध्यात असते, आपण ऐन कामात असतो, आणि आपण ओरडतो. वडगावात वेळ आधीच ठरलेली, ती सगळ्यांना लागू, आणि शेजारच्या घरातही तीच. मुलाला "त्याच्याकडे चालतो, माझ्याकडेच का नाही" असे म्हणायला जागा राहत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केल्याची बातमी आली होती, दंडासकट. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण आमच्या मनाला वडगावची रीत अधिक पटते, कारण तिथे थोरांचाही मोबाइल बंद होतो.

धाकट्याचे मात्र त्या संध्याकाळी हाल झाले. त्याला जेवताना कार्टून लागते. ही सवय आम्हीच लावली. तो दीड वर्षाचा असताना घास पटपट जावा म्हणून. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2021 मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये (दूरच्या नातेवाइकांशी चेहरा पाहून बोलण्यापुरता अपवाद), दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने. आम्ही हे वाचले तेव्हा आमचा मुलगा तीन वर्षांचा होता आणि त्याचा एक तास न्याहारीलाच संपत होता. मास्तरांच्या अंगणात त्याने वीस मिनिटे लोळण घेतली. भाकरी फेकली. आम्हाला इतकी शरम वाटली की पिशवीतून मोबाइल काढण्यासाठी हात गेलाही होता. सूनबाईंनी त्याच्यापुढे भुईमुगाच्या शेंगांचे सूप आणून ठेवले आणि काही न बोलता स्वतः शेंगा फोडू लागल्या. थोड्या वेळाने त्याने एक उचलली. ती फुटेना, म्हणून दाताने फोडली. मग दुसरी. दाणे सूपात, टरफले अंगावर, आणि मध्येच कधीतरी त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडाही गेला. तो लगेच सुधारला असे मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा तेच रडणे होते.

इशाची नमाज अब्बांनी आणि थोरल्याने ओसरीवर सतरंजी टाकून पढली. मास्तरांचा नातू पुस्तक मिटून तेवढा वेळ गप्प बसला. एरवी थोरला किबल्याची दिशा मोबाइलमध्ये पाहतो. त्या दिवशी अब्बांनी सूर्य कुठे मावळला ते विचारले आणि उभे राहिले.

साडेआठला पुन्हा भोंगा झाला आणि आम्ही निघालो. कुंडल, पलूसच्या बाजूने रस्ता अंधारा. गाडीत मोबाइल निघाले नाहीत. का निघाले नाहीत हे आम्हालाही सांगता येणार नाही. मधलीने विचारले, "दादाजान, कडेगावला तुम्ही लहानपणी यायचात?" आणि अब्बा बोलू लागले.

कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ताबुताविषयी आपल्यात मतभेद आहेत, त्यात इथे शिरत नाही. अब्बा सांगत होते ते त्यांच्या बालपणाचे: मामाच्या घरी बांबू यायचे, सूत आणि चिकणमाती यायची, बांधणी वरून खाली चालायची, आधी कळस आणि पाया मागाहून. पाटील, देशपांडे, शेटे यांच्याही मानाचे ताबूत असायचे, आणि भेटीच्या वेळी एवढे उंच बांबूचे मनोरे माणसांच्या खांद्यांवर हलायचे तेव्हा खालून पाहणाऱ्याचा श्वास अडकायचा. एका वर्षी अब्बांना दोर धरायला मिळाला. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या थोरल्याएवढे. थोरल्याने तीनदा मध्येच प्रश्न विचारला. "आधी कळस कसा? उभा कशावर राहतो?" अब्बा म्हणाले, "पुढच्या मोहरमला चल, दाखवतो." मिरज आली तरी त्यांचे संपले नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही घरात डबा ठेवला. अम्मींचा ईदच्या शेवयांचा मोठा पत्र्याचा डबा, त्या गेल्यापासून माळ्यावर पडलेला. गावात भोंगा आहे, आमच्या गल्लीत तो कुठून आणायचा? मगरिबची अजान हीच वेळ धरली. अजान झाली की सगळे मोबाइल डब्यात, इशा पढून झाली की बाहेर. हिवाळ्यात हा वेळ सहा ते सव्वासात, उन्हाळ्यात सात ते सव्वाआठ असा सरकत जातो. मुलांना ते आवडले, कारण वेळ रोज थोडी बदलते आणि ती आम्ही बदललेली नसते.

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात शाळेने गृहपाठ रात्री साडेसहाला गटावर टाकला, आणि तिसऱ्या आठवड्यात अरबीच्या शिकवणीचा धडाही मोबाइलवरच आला. थोरला म्हणाला, "आता?" वर्गशिक्षिकांना भेटून विनंती केली की गृहपाठ पाचच्या आत टाकावा. त्यांनी ऐकले, कधीकधी विसरतात. आमच्यापैकी एकाला दुकानाचे फोन येतात. त्यासाठी बटणांचा साधा फोन घेतला, तो डब्याबाहेर असतो. कुराणाची तिलावत मोबाइलवर करण्याची आम्हाला सवय झाली होती. पान उघडले की वरून कसला तरी निरोप सरकतो, बोट तिकडे जाते, आणि पाऊण तासाने आपण कुणाच्या तरी लग्नातला नाच पाहत असतो. या यंत्रांची रचनाच तशी आहे. एक चित्रफीत संपली की पुढची आपोआप सुरू होते, थांबण्याची जागा कुठे ठेवलेलीच नाही. मोठ्या माणसाला जिथे थांबता येत नाही तिथे सहावीतल्या मुलीने थांबावे ही अपेक्षा आम्ही कशी करीत होतो, कोण जाणे. आता तिलावत छापील मुसहफवर होते. कपाटातून तो काढला तेव्हा कव्हरवर धूळ होती.

एकदा डब्यातून थोरल्याचा मोबाइल गायब झाला. संडासात सापडला, त्याच्यासकट. त्या दिवशी आम्ही ओरडलो आणि मग गप्प बसलो, कारण आदल्याच रात्री आमच्यापैकी एकजण गच्चीवर कपडे काढायला म्हणून गेला होता आणि पंचवीस मिनिटे आला नव्हता. थोरल्याने ते पाहिले होते. त्याने ते बोलून दाखवले नाही, आम्हीच सांगितले.

धाकटा अजून जेवताना त्रास देतो. चार घास नीट, मग रडे. शेंगा मात्र फोडतो.

आता रमजान तोंडावर आला आहे. इफ्तार ते इशा डबा बंद राहील, एवढे ठरले. तरावीहनंतरचे आणि सहरीचे काय, यावर घरात अजून चर्चा चालू आहे. थोरल्याचे म्हणणे आहे की सहरीला अर्धा तास मिळावा, मधली म्हणते मग मलाही. अब्बांनी वडगावच्या मास्तरांना पहिल्या जुम्म्याच्या इफ्तारला बोलावले आहे. ते येणार आहेत, पण साडेआठच्या आत परतता येणार नाही, म्हणून मुक्कामाला राहतील. मधलीने त्यांच्यासाठी अंथरूण कुठे घालायचे ते आत्तापासून ठरवून ठेवले आहे, अब्बांच्या खाटेशेजारी.