एका बटणाचा इलाज

जळकोटसारख्या तालुक्याच्या गावात टायपिंग म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, परीक्षांचे फॉर्म. कीबोर्डचे एक बटण चालेनासे झाले की तिथे आख्खा कीबोर्डच बदलतात. याला लोक आळस म्हणतात. मला दोष बांधणीचा वाटतो. गोदरेजने 1955 मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. त्या यंत्रात प्रत्येक कळीची दांडी आणि स्प्रिंग उघड दिसत असे, त्यामुळे अडकलेला खिळा कोणता हे विचारावे लागत नसे. पुढे आलेल्या स्वस्त कीबोर्डात रबराच्या चादरीखाली प्लॅस्टिकचे थर असतात आणि विजेच्या वाटा त्यांवरच छापलेल्या. त्यांवर चहा सांडून एखादी वाट खराब झाली, की तेवढेच बटण दुरुस्त करणे जवळपास अशक्य. फेकून देण्याची सवय तिथून लागली.

मेकॅनिकल कीबोर्डात मात्र प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात स्प्रिंग आणि धातूचे दोन संपर्क. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे शोधता येते. मराठीला याची गरज जास्त. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत इंग्रजी डीच्या जागी हलन्त आहे. ते बटण गेले की जवळपास सगळी जोडाक्षरे गेली. धूळ किंवा झीज यामुळे संपर्क थरथरला तर एकदा दाबून दोनदा उमटते, आणि लागोपाठ दोन हलन्त पडले की पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ येते. इंग्रजीत एक अक्षर जास्त झाले तरी शब्द वाचता येतो, इथे तो मोडतो. अशा वेळी कीबोर्ड आधी दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. दोष तिथेही दिसला आणि एकाच ओळीतली अनेक बटणे मेलेली असली, तर गडबड स्विचखालच्या सर्किटच्या पाटीवरच्या जोडणीत. एकटेच बटण असेल तर वायर काढून टोपी उपसावी, धूळ फुंकावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून बटण बऱ्याच वेळा दाबावे आणि पूर्ण वाळू द्यावे. तरीही भागले नाही, तर फारसे न लागणाऱ्या स्क्रोल लॉकचा स्विच काढून तिथे बसवावा आणि तिथला स्क्रोल लॉकच्या जागी. दोष स्विचसोबत गेला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर गडबड पाटीवर. ही अदलाबदल मला सगळ्यांत पटते, कारण तिच्यात अंदाजाला जागा नाही.

यावर म्हणतील, काही शे रुपयांत नवा कीबोर्ड मिळतो, मग एवढी उठाठेव कशाला? रबरी चादरीच्या कीबोर्डापुरते हे खरे आहे, तो बदलावाच. पण हजारोंच्या कीबोर्डाला तोच हिशेब लावणे म्हणजे एका स्विचपायी उरलेले शंभरएक चांगले स्विच कचऱ्यात टाकणे. दुसरा आक्षेप कसबाचा. काही कीबोर्डात स्विच चिमट्याने सुटा निघतो, तिथे कसब लागत नाही. डागलेला स्विच मात्र सोल्डरिंग येणाऱ्याकडेच द्यावा, आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला ते येते. केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, चांगलेच केले. पण सुटा भाग निघेल अशी बांधणीच नसेल तर हक्क कागदावर राहतो. तेव्हा नवा कीबोर्ड घेताना वॉरंटीच्या आधी दुकानदाराला एवढे विचारा: यातला एकटा स्विच बदलता येतो का?