तांड्याचं दूध

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या चिंताकीत माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, बहात्तरच्या दुष्काळाचं काही ना काही देणं त्याच्या घरावर असतंच. माझ्यावर आहे ते दुधाचं. मी त्याच साली जन्मलो. आईला ताप धरला, अंगावरचं दूध आटलं, आणि घरची म्हैस चाऱ्यापायी आधीच विकून झालेली. शिवाराला लागून लमाण तांडा आहे. तिथली एक बाई आमच्या रानात खुरपायला यायची. तिची लेक माझ्याहून थोडीशीच मोठी. त्या बाईनं मला पदराखाली घेतलं आणि दोघांना पाजलं. तोवर आमच्या घरात तांड्यातल्या माणसाला पाणी वरून ओतायची रीत होती. आजीनं ती रीत त्या दिवशी मोडली आणि भावकीत कुणाला विचारलंही नाही.

त्या बाईला मी याडी म्हणतो. गोरमाटीत आईला याडीच म्हणतात.

पुढं माझं निम्मं बालपण तांड्यात गेलं. होळीला लेंगीची गाणी, दिवाळीच्या रात्री दिवा घेऊन घरोघरी मेरा मागणाऱ्या पोरी, श्रावणात तीजेच्या टोपल्यांत वाढणारा गहू. याडी उन्हं उतरली की काचळी शिवायला बसायची. आधी आरसा दोऱ्याच्या चौकटीत आडवा-उभा आवळायची, मग त्याच चौकटीत सुई घालून गोल टाके घालत यायची. नक्षी कापडावर काढलेली नसायची, सगळी तिच्या डोक्यात.

पण माझ्या मनावर सगळ्यात खोल उमटली ती नसाब, म्हणजे तांड्याची न्यायपंचायत. एका रात्री तांड्याच्या बैलांनी आमच्या पोटऱ्यात आलेल्या ज्वारीत तोंड घातलं. बाबा सकाळीच पोलिसांत जायला निघाले. याडी दारात आडवी आली. म्हणाली, “दादा, आधी नसाबीत या. तिथं पटलं नाही तर खुशाल जा.” देवळासमोरच्या लिंबाखाली नसाब बसली. नायक मधे, शेजारी कारभारी, भोवती सगळा तांडा. बैल याडीच्या सख्ख्या दिराचे होते. तो म्हणाला, बैल माझे नव्हेतच. नायकानं याडीला उभं केलं आणि तिनं दिराच्या तोंडावर सांगितलं, दावं सुटलेले बैल मी पहाटे पाहिले, तुझेच होते. बाबांना नुकसान विचारलं. त्यांनी रागानं वाढवून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्या सभेत त्यांना खोटं बोलवेना. खळं झालं तसं दिरानं ठरलेलं धान्य स्वतः आणून टाकलं. त्या दिराच्या घरी याडीशी वर्षभर कुणी बोललं नाही. आमच्यासाठी तिनं सोसलेलं हे दुसरं.

मला तर हे राज्यच वाटतं. फौज नाही, तुरुंग नाही, पण निकाल लागतो आणि पाळला जातो. या माणसांनी ते किती काळ सांभाळलं! 1630 च्या सुमारास दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजेला धान्य पुरवणाऱ्या भंगी-जंगी या लमाण, म्हणजेच बंजारा, नाईकांना आसफखानानं ताम्रपट दिल्याचं परंपरा सांगते: त्यांच्या बैलांसाठी छपराचं गवत आणि रांजणातलं पाणी घ्यायची मुभा. पुढं रेल्वे आली, बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला, आणि इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं ज्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत जागोजागचे बंजारेही आले. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. मग 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. औराद, भालकी म्हैसूरकडे, उदगीर, निलंगा मुंबईकडे, नारायणखेड आंध्रात. याडीची एक बहीण देगलूरकडे दिलेली, एक नारायणखेडकडे. आज याडीची नातवंडं अनुसूचित जातीत, देगलूरची विमुक्त जातीत, तेलंगणातली अनुसूचित जमातीत. तिघी एका आईच्या लेकी, भोग एकाच सेवालाल महाराजांना लावतात. सरकारी दाखल्यांनी त्यांची फाळणी केली, लग्नकार्यांनी ती होऊ दिली नाही.

सरकारी कागदांवरून आठवलं: अमेरिकेतल्या मिनेसोटात मिल लॅक्स तळ्याकाठी ओजिब्वे लोक राहतात. त्यांनी 1837 च्या तहात जमीन दिली, पण तिथं शिकारीचा, मासेमारीचा आणि जंगली भात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. राज्य सरकार तो मानेना. 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो शाबूत असल्याचा निकाल दिला. हे वाचलं तेव्हा मला आमचा तांडाच दिसला. त्यांच्या हाती निदान तहाचा कागद होता. याडीचं नाव मतदार यादीत, घरात वीज, पण घराखालची जमीन पहाणीत दुसऱ्याच कुणाच्या नावावर होती.

ही नड कर्नाटकानं उशिरा का होईना ओळखली. बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 1,475 नोंद नसलेल्या वस्त्या महसुली गावं झाल्या, आणि 19 जानेवारी 2023 ला मळखेडला पंतप्रधानांच्या हस्ते 50,000 हून अधिक कुटुंबांसाठी हक्कुपत्रांचं, म्हणजे जागेच्या मालकीपत्रांचं, वाटप झालं. याडीचं नाव नंतरच्या यादीत आलं. तिचे अर्ज मीच लिहिले. त्यानं दूध फिटतं असं मी मानत नाही, तिनंही कधी तसं मानलं नाही. उलट हक्कुपत्र हातात घेऊन ती मला म्हणाली, “माझं घर झालं. नसाबीची जागा लिहिलीस का?”

लिहिली नव्हती, कारण मोजणीच्या नकाशात घरं आहेत, रस्ता आहे, पण सेवालालाच्या देवळापुढचं आवार मोकळी जागा म्हणून सोडलंय. उद्या तिथं कुणी टाकी बांधेल, कुणी समाजमंदिर. म्हणून आता कन्नडमध्ये नवा अर्ज तयार केलाय. खाली नायकाची सही आहे, कारभाऱ्याची आहे, याडीचा अंगठा आहे. सोमवारी तो घेऊन औरादला जायचंय, आणि याडी म्हणते, मीपण येणार.