कान ज्याचा त्याचा
नातवाची तक्रार अशी, की गेममध्ये शत्रू मागून आला तरी हेडफोनमध्ये पावलं डोक्यातच वाजतात. डावं-उजवं कळतं ते दोन कानांत आवाज पोचण्याच्या फरकाने, फार तर ०.७ मिलिसेकंद! पुढचं-मागचं मात्र कळतं बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे. हेडफोन ती वळणं वगळतो. व्हर्च्युअल सराउंड त्यांची सरासरी नक्कल मिसळतं. ती जुळेना तर दुसरी निवडावी, आणि गेमचं व विंडोजचं सराउंड एकदम लावू नये. २०२२ पासून काही आयफोन तर कॅमेऱ्याने आपलाच कान मोजतात.

आमच्याकडे ताडोबाच्या कडेला मोहफुलं वेचणाऱ्या बाया वानर ओरडलं की मान वळवून दिशा पक्की करतात. वाघाच्या रानात चुकून चालत नाही. पुढचं-मागचं सांगणारे बारीक स्वर वयाबरोबर आधी जातात. पहाटे रानात मी आता एकटा जात नाही.