मामाच्या विमानाला ताप

ताप फक्त माणसांनाच येतो असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्या मामाचं विमान तुम्ही बघायला हवं होतं!

मामा कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहतो. नोकरी सांभाळून, सहा वर्षं गॅरेजमध्ये खपून त्यानं दोन माणसांचं विमान बांधलं. अमेरिकेत असं घरगुती विमान कायद्यानं उडवता येतं. मात्र निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं लागतं. (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी तर कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं!)

२०१९च्या मे महिन्यात, आठवीची परीक्षा संपवून मी तिथं गेले, तेव्हा विमान नुकतंच उडायला लागलं होतं. पहिले ४० तास चाचणीचे, त्यात पाहुण्यांना बसायला बंदी. म्हणून मी आणि मामी धावपट्टीच्या कडेला उभ्या राहायचो. ऊन अगदी नागपूरसारखं.

तिसऱ्या उड्डाणाला मामा वीस मिनिटांतच खाली आला. ‘‘तेल २३८ला गेलं,’’ एवढंच म्हणाला. म्हणजे २३८ अंश फॅरनहाइट. त्याच्या लायकमिंग इंजिनाची मर्यादा २४५! तेल फार तापलं की पातळ होतं, त्याचा दाब उतरतो आणि फिरणाऱ्या भागांमधला तेलाचा थर टिकत नाही. मोटार असती तर रस्त्याच्या कडेला घेतली असती. आभाळात कडेला कुठं घेणार?

मामी म्हणाली, ‘‘अहो, आता कारण सापडल्याशिवाय उडायचं नाही.’’ मामानं मुकाट्यानं मान हलवली. मी एवढी घाबरलेली मामी त्याआधी पाहिली नव्हती.

मामाला मोठा ऑइल कूलर विकत घ्यायचा होता. पण आधी तापमापकच खोटं बोलत नाही ना, ते बघायचं ठरलं. त्याचं टोक इंजिनातून काढून आम्ही उकळत्या पाण्यात बुडवलं. काटा बरोबर २१२वर! आमची निराशाच झाली. तो खोटा निघाला असता तर किती बरं झालं असतं.

मग एक छोटासा व्हॉल्व्ह काढला. तेल थंड असताना तो त्याला कूलर चुकवून जवळच्या वाटेनं जाऊ देतो. तेल तापलं की त्याच्यातला दांडा लांबतो, ती वाट बंद करतो आणि तेलाला कूलरमधून जावंच लागतं. (तेल फार थंडही नको हं! साधारण १८० अंशांपर्यंत तापलं, तरच त्यात साठलेली पाण्याची वाफ निघून जाते.) पातेल्यात पाणी तापवून बघितलं, तर दांडा शहाण्यासारखा लांबला. तोही निर्दोष!

उरली हवा. हे इंजिन हवेनंच थंड होतं. पुढच्या दोन भोकांतून हवा शिरते, पत्र्याचे पडदे आणि रबरी पट्ट्या तिला अडवतात, मग ती सिलिंडरांच्या पाकळ्यांमधून आणि कूलरमधून निघते. फट राहिली की तिथूनच पळते. चुलीच्या फुंकणीला मध्येच भोक पडलं तर जाळ होईल का?

संध्याकाळी हँगरमधले दिवे मालवले. इंजिनाखाली एक दिवा लावला, झाकण बसवलं आणि मामानं मला बोलावलं. माझा हात बारीक ना! ‘‘पंख्याला लागायचं नाही. किल्ली काढलेली असली तरी नाही,’’ हे त्यानं तीनदा बजावलं. काठीला बांधलेला आरसा मी भोकातून आत सरकवला. मागच्या डाव्या सिलिंडरच्या वर, कूलरपाशीच, चांगली वीतभर उजेडाची रेघ!

‘‘मामा, दिसतंय!’’ मी ओरडले.

झाकण काढलं. रबरी पट्टी पुढं वळायच्या ऐवजी मागं दुमडली गेली होती. शिवाय कूलर आणि पत्र्यामध्येही फट होती. दोन्ही कामं मामाचीच. तो कपाळाला हात लावून हसत सुटला. नवी पट्टी आणि सिलिकॉनची एक नळी, एवढ्यावर भागलं. कूलरचे पैसे वाचले.

दोन दिवसांनी मामा पुन्हा वर गेला. मामी बोटांवर मिनिटं मोजत होती. पाऊण तासानं तो उतरला आणि काचेतूनच त्यानं बोटांनी आकडे दाखवले : दोन, शून्य, चार.

४० तास पुरे व्हायच्या आत माझी सुट्टी संपली. दिवाळीत मामाचा फोटो आला : तेलाचा काटा १९५वर, आणि शेजारच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसलेली मामी!