बंगळूर: आधी पोटोबा, मग लालबाग

सहलीला निघताना आपण काय काय ठरवतो! गाडीचे आरक्षण, राहायची खोली, बघायच्या जागांची यादी. ठरवायचे राहते ते एकच, जेवायचे कुठे. मग परक्या गावात भर दुपारी मुले रडकुंडीला येतात, कुणीतरी म्हणते, ‘हे समोरचेच बरे दिसते,’ आणि सहलीचा हिशेब तिथेच कोलमडतो. समुद्रकाठच्या गावात हॉटेलवाल्याने जास्त पैसे घेतले, तर निदान लाटा दिसल्याचे समाधान असते. बंगळुरात तेही नाही.

आमची तिथली पहिली दुपार अशीच गेली. महात्मा गांधी रस्त्याच्या आसपास एका थंडगार, मंद दिव्यांच्या हॉटेलात आम्ही पाच जण शिरलो. तीन निरनिराळ्या नावांच्या भाज्या मागवल्या, तिन्हींचा रस्सा एकच. बिल पाहून आई म्हणाली, ‘‘एवढ्यात आपल्या घरी आठवड्याचा बाजार आला असता.’’ चार दिवस अजून काढायचे होते. संध्याकाळपासून ती ‘मला भूक नाही’ म्हणू लागली. आपल्यापायी खर्च नको म्हणून घरातली वडीलधारी माणसे अशी उपाशी राहतात, हे कुणाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या मालकीणबाईंनी डोळे उघडले. त्या म्हणाल्या, ‘‘काचेच्या दारामागे जाऊ नका. जिथे लोक उभ्याने खातात, तिथे जा.’’

अशा जागांना तिथे ‘दर्शिनी’ म्हणतात. 1983 साली जयनगर भागात पहिली ‘कॅफे दर्शिनी’ निघाली आणि ही पद्धत शहरभर पसरली. आधी गल्ल्यावर पैसे भरून कूपन घ्यायचे, ते खिडकीवर द्यायचे, बशी उचलायची आणि उंच गोल टेबलाशी उभ्याने खायचे. वेटर नाही, टीप नाही, बसायच्या जागेचे भाडे अंगावर पडत नाही. लोक दहा मिनिटांत खाऊन निघतात, त्यामुळे इडलीचा घाणा सतत चालू आणि पदार्थ नेहमी गरम. स्वस्ताईचे आणि चवीचे कारण एकच आहे.

पण आईचे गुडघे? उभ्याने खाणे तिला जमणारे नव्हते. खरी अडचण ती होती, आणि तिचे उत्तर शोधता शोधता शहराची चांगली ओळख झाली.

पहिला धडा घड्याळाचा. कन्नडमध्ये न्याहारीला ‘तिंडी’ म्हणतात आणि जेवणाला ‘ऊट’. दोन्हींच्या वेळा ठरलेल्या. जुन्या ठिकाणी दुपारी एक वाजता डोसा मागितला, तर मान हलते. डोसा सकाळी, नाहीतर दुपार कलल्यावर. मधल्या वेळात ‘ऊट’, म्हणजे भात, सारू, सांबार, पल्या, ताक. सकाळी भरपेट तिंडी आणि दुपारी ऊट एवढे केले, की रात्री फळांवर भागते. आमचा निम्मा खर्च इथेच वाचला.

दुसरा धडा नावांचा. आईने फलक वाचून ‘खारा बात’ मागवला. तिला वाटले मसालेभात, समोर आला उपमा! ‘केसरी बात’ म्हणजे आपला शिरा, आणि दोन्ही एका बशीत हवे असतील तर ‘चौ चौ बात’. खराखुरा भात हवा असेल तर ‘बिसीबेळे बात’ मागावा. डाळ, भाज्या आणि मसाला घालून शिजवलेला, वाफाळता. कॉफी ‘बाय टू’ मागितली की एका कपाची दोन भांड्यांत वाटून मिळते. त्यात कुणाला कंजूषपणा वाटत नाही.

बसून खायचे असेल, तर बसवनगुडीतल्या गांधी बाजारात ‘विद्यार्थी भवन’ आहे. 1943 साली जवळपासच्या विद्यार्थ्यांसाठी ते सुरू झाले. वेटर एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून आणतो, तेव्हा आमची मुले खायचे विसरून मोजतच राहिली. डोसा जाड, बाहेरून कुरकुरीत, तुपकट. शुक्रवारी मात्र बंद. लालबागेजवळचे ‘एमटीआर’ 1924 सालचे. ते सोमवारी बंद असते. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रव्याची इडली इथेच जन्मली असे ते सांगतात. आज आपल्याकडे घाईच्या दिवशी गृहिणींना हात देणारी रवा इडली ती हीच. एमटीआर दर्शिनीपेक्षा महाग आहे आणि रविवारी रांगही लांब असते. पण वयस्कर माणूस बरोबर असेल, तर एक दिवस तिथे जरूर जावे. मल्लेश्वरमला ‘सीटीआर’चा लोण्यातला डोसा खाल्ला. चव उत्तम, पण गर्दी इतकी, की पुढचा माणूस आपल्या खुर्चीमागे उभा राहून आपला शेवटचा घास मोजत असतो.

सामिष खाणाऱ्यांनी ‘मिलिटरी हॉटेल’ ही पाटी शोधावी. नावात लष्कर असले तरी ही साधी खाणावळ असते. बंगळूर 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि मराठा कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा कित्येक खाणावळी त्यांच्याच. जयनगरच्या ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’चे नाव वाचूनच यजमानांचे पाय वळले. तिथली ‘दोन्ने बिर्याणी’ पानाच्या द्रोणात मिळते; दोन्ने म्हणजेच द्रोण. दुपार होईपर्यंत पातेली रिकामी होऊ लागतात, तेव्हा लवकर जावे.

2017 साली सुरू झालेल्या ‘इंदिरा कँटीन’मध्ये पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण ठेवले होते. तिथेही जाऊ या, असा थोरल्याने हट्ट धरला. मी नको म्हटले. कष्टकऱ्यांच्या रांगेत आपण सहलीच्या माणसांनी गर्दी का करावी?

फिरायला मेट्रोची हिरवी मार्गिका सोयीची. नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरले, की गांधी बाजार, विश्वेश्वरपुरमची खाऊगल्ली आणि शंकरपुरम ही सारी आसपासच.

शंकरपुरमलाच आईचा प्रश्न सुटला. तिथे ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ नावाचे चिमुकले दुकान आहे, 1965 सालचे. इडली, वडा, खारा बात, केसरी बात आणि कॉफी. बाकी यादी जवळजवळ नाहीच. सांबार नाही, आणि चटणी हवी तितकी. लोक पदपथावर, पायरीवर, स्कूटरला टेकून खात होते. एका कॉलेजकुमाराने आईला पाहिले, पायरीवरची आपली जागा सोडली आणि तिची बशीही तोच घेऊन आला.

चटणी संपली. आईने दोन दिवसांत शिकलेले सगळे कन्नड पणाला लावले आणि बशी पुढे केली. ‘‘इन्नू स्वल्प.’’ अजून थोडी. चटणी आली. तिने आणखी एक इडली मागवली, मग वडा. तिसऱ्यांदा चटणीचे भांडे पुढे आले, तेव्हा मीच ‘‘साकू, साकू’’ म्हणाले, म्हणजे पुरे. तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘तुला पुरे असेल. मला भूक आहे.’’